एक तास पुढचा माणूस

व्हर्लिन रायसिग आमच्या कचेरीत पहिल्या दिवशी सात वाजता आला. कचेरी आठला उघडते. मी पावणेआठला पोचले, तर हा बाबा कोर्टहाऊसच्या पायरीवर मांडीवर डबा घेऊन बसलेला. सप्टेंबरच्या गारव्यात नाक लालबुंद झालेलं.

"कधीपासून बसलायस रे?" मी विचारलं.

"आठपासून," तो म्हणाला. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघून त्यानं जीभ चावली. "म्हणजे तुमच्या सातपासून."

मी कपाळावर हात मारला. आमच्या हॅल्स्टनमध्ये दोन वेळा चालतात हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. वेळेची सरकारी रेघ आमच्या काउंटीच्या पूर्वेच्या कुंपणावरून जाते. रेघेच्या अलीकडे शाळा, चर्च, बँक, कोर्टहाऊस, सगळं सावकाश वेळेवर. पलीकडे घड्याळ एक तास पुढे, ती घाईची वेळ. रेल्वेचे रूळ आमच्या गावातून जातात खरे, पण तिचं मोठं यार्ड पलीकडे, म्हणून रेल्वेची माणसं जन्मभर घाईच्या वेळेवर. कुणी जेवायला बोलावलं की आम्ही आधी विचारतो, "सावकाश सहा की घाईचे सहा?" बाहेरून आलेले हसतात. व्हर्लिनच्या घरात मात्र या एका तासावरून तेवीस वर्षं धुसफूस चालली होती.

मी आर्डिस. असेसरच्या कचेरीत तेव्हा मला सव्वीस वर्षं झाली होती. घरादारावर, जमिनीवर किती कर बसायचा ते ठरवणं हे आमचं काम. थोडक्यात, पगार घेऊन शिव्या खायच्या. शिव्या मला चालतात, मी उलट देते. ढिसाळपणा मात्र मला खपत नाही. म्हणून हा नवा माणूस तासभर आधी येऊन बसलेला बघून मी आतून खूश झाले होते. तोंडावर अर्थातच म्हणाले, "उद्या कुलूपच तोडून आत बस."

व्हर्लिन मालगाडीवर कंडक्टर होता. शंभर-सव्वाशे डब्यांची गाडी आणि तिचा कारभार याच्या हातात. या नोकरीला वेळापत्रक नसतं. फोन वाजला की दीड तासात यार्डात हजर. मग तुम्ही चर्चमध्ये असा, नाही तर आंघोळीला बसलेले असा. एक्क्याण्णव साल होतं ते, खिशातले फोन आले नव्हते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा तो एक फोन आणि त्याच्या दोरीला बांधलेला हा माणूस. गावाबाहेर मासे मारायला जाता येत नसे. बायको जोलीन त्या फोनला 'सवत' म्हणायची. फोनच्या वरच घड्याळ, तेही रेल्वेच्या वेळेवर. जोलीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, म्हणजे सावकाश वेळेवर. आपल्याच घरात तेवीस वर्षं तिनं घड्याळ बघून एक वजा केला.

तरी तिनं निभावलं. पण लेकीच्या लग्नात तो नव्हता. आदल्या दिवशी फोन आला, "एकच फेरी, उद्या सकाळी घरी," आणि हा गेला. दीडशे मैलांवर एका डब्याचं चाक मोडलं. इकडे पोरगी मामाचा हात धरून वेदीपाशी चालत गेली, तेव्हा हा बर्फात उभा राहून दुसऱ्या इंजिनाची वाट बघत होता. परत आला तर जोलीननं फक्त एवढंच म्हटलं, "हा फोन ठेव, नाहीतर मला ठेव."

त्यानं बायकोला ठेवलं. कंपनीकडून एक वर्षाची रजा घेतली आणि आमच्या जाहिरातीला अर्ज टाकला.

रजा का घेतली, सरळ राजीनामा का नाही दिला, ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. रेल्वेत माणसाची किंमत त्याच्या नंबरावर. कोण आधी लागला, कोण मागून, याची एक छापील यादी असते. वरच्या नंबरवाल्यानं चांगली गाडी निवडायची, खालच्यानं उरलेली घ्यायची. एकशे नव्वदात शेवटचा लागलेला व्हर्लिन घासत घासत एकेचाळिसावर आला होता. अजून पाच-सहा वर्षांत ठरावीक वेळेची, रात्री घरी आणून सोडणारी गाडी त्याला मिळाली असती. रजा संपायच्या दिवशी वेळेत 'येतो' असं कळवलं तर नंबर शाबूत. नाही कळवलं तर नाव कटतं, आणि परत यायचं तर अगदी तळाला, कालच्या पोरांच्याही खाली.

आणि त्या बाबतीत हे लोक भारी कडक. लॉयल हूक म्हणून एक जण मागे रजेवरून अर्धा दिवस उशिरा आला होता. साहेब लोक सोडून देणार होते. पण खालच्यांनी विरोधाचा कागद केला, कारण लॉयल गेला की प्रत्येक जण एकेक नंबर वर सरकणार. लॉयल गेला. व्हर्लिननं हे मला स्वतः सांगितलं, बुधवारी, चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचा रोल खाताना.

"त्या कागदावर पहिली सही माझी," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

"मोठा पराक्रम केलास," मी म्हटलं.

तो मग रोल मोडून चिलीत बुडवत राहिला.

कामाला माणूस सोन्यासारखा होता. पण सवयी! मी म्हणायची, "उत्तरेकडच्या तिसऱ्या कपाटातली शिमर कुटुंबाची फाइल आण." हा उठून ताठ उभा राहून म्हणायचा, "उत्तर, तिसरं कपाट, शिमर, आणतो." रेल्वेत हुकूम परत म्हणून दाखवावा लागतो, नाहीतर माणसं चिरडतात. इथं कोण चिरडणार होतं? फोन वाजला की हा खुर्चीतून अर्धा वर उठलेला असायचा. खिडक्या कधीतरी रंग देताना कायमच्या चिकटलेल्या, त्या उघडायच्या नाहीत. समोर पितळी गजांचं काउंटर. दोन गल्ल्या सोडून रूळ. मालगाडी गेली की काचा थरथरायच्या आणि व्हर्लिनचं पेन थांबायचं. ओठ हलायचे. डबे मोजायचा.

"किती?" मी मुद्दाम विचारायची.

"एकशे अठरा. मागून तिसऱ्याचं चाक चपटं झालंय." आणि परत खाली मान.

घरचं घड्याळ जोलीननं तो रुजू झाला त्याच दिवशी स्टुलावर चढून मागे केलं होतं. मनगटावरच्याला मात्र त्यानं हात लावू दिला नाही. ते कायम घाईच्या वेळेवर. विचारलं की म्हणायचा, "अगं, एकच तर वजा करायचा. वर्षभराचा प्रश्न आहे." मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा इथं आलेलाच नाही.

मग जूनची तीस तारीख आली. म्हाताऱ्या माणसांना घरावरचा कर माफ करून घ्यायचा अर्ज असतो, त्याची ती शेवटची तारीख. सकाळपासून काठ्या, चष्मे आणि तक्रारी यांची रांग. आणि नेमकी मी दुपारी दाढ काढायला गेलेले. असेसर मॅकरेडीसाहेब वरच्या मजल्यावर मीटिंगला. भिंतीला रंग लागत होता म्हणून भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटामागे ठेवलेलं. व्हर्लिन एकटा, डोकं तापलेलं. रांग संपली, त्यानं मनगटाकडे बघितलं, पाच वाजले होते, आणि त्यानं काउंटरच्या खिडकीचं फळकूट खाली ओढलं.

गावात चार वाजले होते.

सव्वाचारला ओपल ट्रॉटर आली. वय वर्षं एक्याऐंशी, चाळीस मैल गाडी चालवत. बंद फळकुटासमोर पाच मिनिटं उभी राहिली, तिला वाटलं आपलीच तारीख चुकली, आणि गुपचूप घरी गेली. ठोठावलं असतं तर! पण आमच्याकडची म्हातारी माणसं सरकारी दार ठोठावत नाहीत. दोन दिवसांनी मुलीनं तिला परत आणलं तेव्हा सगळं उलगडलं. व्हर्लिननं काउंटीच्या मंडळासमोर उभं राहून 'चूक माझी' म्हणून सांगितलं. मंडळानं अर्ज वर पाठवला, राजधानीतून तो तसाच परत आला. तारखेनंतरचा शिक्का, माफी नाही. ओपलबाईचं नाव त्या वर्षीच्या यादीतून गेलं.

अर्ज परत आला त्या दिवशी माझा तोल गेला. ओपलबाईनं मला लहानपणी पियानो शिकवला होता. मी सगळ्यांसमोर त्याला धारेवर धरलं.

"दहा महिने झाले तुला इथं! पगार इथला खातोस, बूड इथल्या खुर्चीत, आणि डोकं पलीकडच्या यार्डात! दे ते घड्याळ इकडे."

"आर्डिस, मी करतो ना."

"दे म्हणते ना!"

त्यानं पट्टा सोडला. मी बटण ओढलं आणि काटे एक तास मागे फिरवले. माझ्या या हातांनी. मग ते त्याच्यासमोर आपटून म्हटलं, "आता तू या काउंटीत राहतोस."

"या काउंटीत राहतो," तो म्हणाला. हुकूम परत म्हणून दाखवला.

त्यानंतर व्हर्लिन एकदम सरळ झाला, असं आम्हाला वाटलं. आठला पाच मिनिटं असताना यायचा. हुकूम परत म्हणणं बंद झालं. गाडी गेली तरी पेन चालू. मॅकरेडीसाहेब म्हणाले, "रुळला बुवा शेवटी." मीही मान डोलावली. मी पण गाढवच.

सप्टेंबरच्या सुरुवातीला जोलीन मला शाळेच्या मागच्या दारी भेटली. ॲप्रनला हात पुसत बाहेर आली आणि रडायलाच लागली.

"आर्डिस, मी याला घरी आणला गं, पण हा आलाच नाही. सव्वापाचला दारात गाडी लागते आणि हा गाडीतच बसून राहतो. अर्धा अर्धा तास. मी खिडकीतून बघते. आत येतो, जेवतो, 'छान झालंय' म्हणतो, भिंतीकडे बघतो. त्या मेल्या फोनशी भांडायला तरी यायचं मला. याच्याशी काय भांडू?"

"मग?"

"मग काय! आगीतून फुफाट्यात पडले. पूर्वी आठवड्यातून तीन दिवस असायचा, पण असला की घर हलवून सोडायचा. मला तो तीन दिवसांचाच परत हवाय."

"रजा कधी संपते त्याची?"

"पंधरा तारखेला. दुपारी बारापर्यंत कळवायचं, असं पत्रात आहे. मी आज सांगते त्याला."

ती सांगेल आणि तो उडी मारेल असं मला वाटलं होतं. पण तो आठवडाभर तिला विचारत राहिला, "नक्की ना? परत म्हणणार नाहीस ना?" अखेर चौदा तारखेच्या रात्री जोलीननं पत्र त्याच्या डब्यावर रबरबँड लावून ठेवलं.

पंधराच्या सकाळी व्हर्लिन आला तो वेगळाच माणूस. शीळ घालत होता. माझ्या टेबलावर कोपर टेकून म्हणाला, "आर्डिसबाई, उद्यापासून तुम्हाला शिव्या द्यायला दुसरं कुणी शोधा."

"सुंठेवाचून खोकला गेला," मी म्हटलं, आणि मला भरून आलं. "कर ना मग फोन. वाट कसली बघतोस?"

"आधी साहेबांना सांगतो. त्यांनी नोकरी दिली, त्यांना न विचारता मागच्या दारानं जाणं बरं दिसत नाही. वेळ आहे."

मॅकरेडीसाहेब मंडळाच्या बैठकीत होते. व्हर्लिननं तोवर सगळ्या फाइली लावल्या, पेन्सिलींना टोक केलं, माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय पुठ्ठा लावून सरळ केला. तो वर्षभर डुगडुगत होता. एक मालगाडी गेली आणि तो मोठ्यानं म्हणाला, "एकशे चार!" काउंटरवरचा शेतकरी दचकला. आम्ही सगळे हसलो.

साहेब अकरा वाजून दहा मिनिटांनी खाली आले. व्हर्लिननं सांगितलं. साहेबांनी हात मिळवला, म्हणाले, "चांगला माणूस गमावतोय, पण जा." मग व्हर्लिननं मनगटाकडे बघितलं.

"अकरा वीस. चाळीस मिनिटं आहेत," तो म्हणाला, आणि माझ्या टेबलावरचा फोन ओढून घेतला.

मी तिथंच बसले होते. साहेब होते. आम्ही तिघं होतो त्या खोलीत. सगळे या गावात जन्मलेले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही जन्मभर सावकाश वेळेवर जगलो, आमचं सोडा. पण व्हर्लिन! तेवीस वर्षं.

माझ्या फोनचा आवाज मोठा आहे. यार्डातल्या माणसाचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"रायसिग बोलतोय. एकेचाळीस नंबर. रजेवरून परत येतोय."

"अरे व्हर्लिन," पलीकडचा म्हणाला. "अरे, कुठं होतास तू? मी सकाळपासून वाट बघत होतो तुझ्या फोनची."

"आत्ताच साहेबांना सांगितलं. बारापर्यंत आहे ना?"

"बारा वाजून वीस झाले, व्हर्लिन."

व्हर्लिननं घड्याळाकडे बघितलं. मग भिंतीवरच्याकडे. तिथंही अकरा वीसच होते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला आज बरी झोप लागली असती.

"बाराला कागद वर गेला," तो माणूस सांगत होता. "खाली यादी लागलीसुद्धा. बेचाळीस नंबरवाला एकेचाळीस झालाय. तू युनियनकडे अर्ज कर. मी साक्ष देतो, वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण खालच्यांनी विरोध केला तर..."

"करतील," व्हर्लिन म्हणाला. "मी असतो तर केला असता."

त्यानं फोन हळूच ठेवला. मी म्हटलं, "व्हर्लिन, मी..."

"बारा वाजून वीस," तो म्हणाला. मग काउंटरवर एक बाई आली होती, शेडच्या मोजमापाबद्दल विचारायला, तिच्याकडे तो गेला.

युनियनकडे अर्ज कर म्हणून मी त्याच्या मागे लागले. साहेब लागले. स्वतः यार्डातून दोन जण आले. सगळ्यांना एकच उत्तर: "लॉयल हूकला काय सांगू? तो अर्धा दिवस उशिरा होता आणि मी वीस मिनिटं, म्हणून मी बरा?" तळापासून लागायचं तर एकोणपन्नासाव्या वर्षी, ज्या पोरांना यानंच डबे जोडायला शिकवलं त्यांच्या हाताखाली, पुन्हा त्या सवतीच्या दोरीला. आणि चांगली गाडी मिळायच्या आत म्हातारपण. इकडे आड, तिकडे विहीर. तो खुर्चीतच राहिला.

त्या संध्याकाळचं मात्र मला जोलीननं पुष्कळ नंतर सांगितलं. उशीर झाल्याचं त्यानं तिला कळवलंच नव्हतं, फोनही केला नव्हता. ती दिवसभर खुशीत होती. शाळेतून लवकर येऊन तिनं चेरी भरून भाजलेला 'पाय' हा गोड पदार्थ केला. आणि मग त्याला गंमत करावी म्हणून स्टूल घेतलं, वर चढली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ एक तास पुढे केलं. रेल्वेच्या वेळेवर. वर्षभर धूळ खात पडलेला भिंतीवरचा फोनही पुसून लखलखीत केला.

सव्वापाचला गाडी दारात लागली. त्या दिवशी तो गाडीत बसून राहिला नाही. आत आला, टोपी काढली आणि घड्याळ बघितलं. सव्वासहा.

जोलीन हसत म्हणाली, "एक वजा करायची सवय मोडली होती रे माझी. आता परत लावते."

त्यानं स्टूल उचललं, घड्याळाखाली ठेवलं, त्यावर चढला आणि काटा मागे फिरवला. खाली उतरून म्हणाला, "पाय छान झालाय." अजून तो कापलाही नव्हता.

ही गोष्ट झाली त्याला अकरा वर्षं होतील. व्हर्लिन अजून माझ्या शेजारी बसतो. आठला पाच मिनिटं असताना येतो. घड्याळ तेच, मी लावलं त्याच वेळेवर. उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या तोंडावर सरकारी नियमानं सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे-मागे होतात तेव्हा तो पट्टा सोडून घड्याळ माझ्यासमोर ठेवतो, आणि मी लावून देते. स्वतः लावत नाही. पहिल्यांदा मी म्हटलं होतं, "तुझं तू लाव की." तर म्हणाला, "नको. माझी चूक होते."